स्त्रीची नोकरी आणि तिचे खाडे

स्त्रियांच्या प्रगतीचा हिशेब मांडावयाचा म्हटला की आपल्याकडे बहुधा पहिल्या स्त्रियांची नावे घेण्याची रीत आहे. पहिली डॉक्टर कोण, पहिली पदवीधर कोण, पहिली न्यायाधीश कोण. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकाची पदवी घेऊन निघाल्या, महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, ही नावे आणि ही साले आपणा सर्वांना पाठ आहेत आणि ती पाठ असावीत हेही खरे. परंतु पहिल्या स्त्रीच्या पराक्रमावरून हजाराव्या स्त्रीची स्थिती कळत नाही. पहिली स्त्री दार ढकलून आत जाते. तिच्यामागून येणाऱ्या साध्या, बेताच्या शिक्षणाच्या, पोटासाठी काम करणाऱ्या बाईला ते दार कितपत उघडे राहिले, हा समतेचा खरा प्रश्न होय.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी मी येथे एकच शब्द हाताशी घेणार आहे, आणि तो पुस्तकी नाही. गिरणीतल्या हजेरीपटावरचा तो शब्द आहे: खाडा. कामावर न येणे म्हणजे खाडा करणे. ज्या दिवशी खाडा, त्या दिवसाचा पगार नाही, आणि खाडे फार झाले तर नोकरीही नाही. गेल्या शंभर वर्षांत मुंबईत स्त्रियांच्या नोकरीविरुद्ध जी जी कारणे पुढे करण्यात आली, त्यांची भाषा बदलत गेली, पण ती सोलून पाहिली तर आत हाच एक शब्द सापडतो. बाईला लग्न करावयाचे असते, मुले व्हावयाची असतात, म्हणून ती खाडे करणार. सबब तिला घेऊ नये, किंवा घेतलीच तर कमी पगारावर घ्यावी, किंवा लग्न होताच काढून टाकावी. समतेच्या वाटेवरील प्रगती म्हणजे पुष्कळ अंशी या एका युक्तिवादाशी दिलेली लढत आहे.

आरंभ गिरणगावातच केला पाहिजे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारणपणे पाच कामगारांमागे एक स्त्री होती. वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत प्रामुख्याने बायकाच असत. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या बायका बाळंतपणाच्या अगदी जवळच्या दिवसांपर्यंत साच्यापाशी उभ्या राहत, कारण घरी बसणे म्हणजे पगार बुडणे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने बाळंतिणीला निर्वाहापुरत्या पैशासह विश्रांती द्यावी असा ठराव केला होता. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये त्या धर्तीचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात आणले, पण ते संमत झाले नाही. पुढे मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात असेच विधेयक आले, आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलावयास उभे राहिले.

त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, हे त्यांचे पहिले म्हणणे. तेव्हा खर्चाचा काही भार सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांचे कल्याण ही मुख्यत्वे सरकारची जबाबदारी आहे, हे दुसरे. आणि सरकार तो उचलीत नाही तोवर ज्या मालकाला बाईच्या श्रमातून नफा होतो त्याने तो सोसणे न्याय्य आहे, हे तिसरे. येथे ‘दया’ हा शब्द कोठेही नाही. बाईचा तो खाडा हा तिचा अपराध नसून समाजाचे काम आहे, आणि समाजाच्या कामाचा पगार कोणी द्यावयाचा एवढाच प्रश्न आहे, असा या भाषणाचा रोख होता. १९२९ मध्ये मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा झाला. या देशातला तो त्या प्रकारचा पहिला कायदा. पुढल्याच वर्षी मध्यप्रांतानेही तसा केला.

कायदा झाला, पण त्याचबरोबर एक गोष्ट घडत गेली. पुढल्या प्रत्येक दशकात गिरण्यांतील बायकांचे प्रमाण उतरत गेले. सारा दोष प्रसूतिलाभाच्या माथी मारणे बरोबर नाही. नवी यंत्रे आली, थोड्या माणसांत अधिक काम उरकण्याची पद्धत आली, रात्रपाळी वाढली आणि बायकांना तर रात्री कामावर ठेवण्यास कायद्यानेच बंदी होती. परंतु ज्या कामगारावर मालकाला चार पैसे अधिक खर्च करावे लागतात तो कामगार कमी करावा, हा व्यापारी हिशेबही त्यात होताच. १९६१ च्या केंद्रीय प्रसूतिलाभ कायद्यात, बाई बाळंतपणाच्या रजेवर असता तिला कामावरून काढता येणार नाही, असे कलमच घालावे लागले. असे कलम घालावे लागते तेव्हा व्यवहारात काय चालत असेल ते ओळखावे.

गिरणीतून बाहेर पडलेली बाई स्वस्थ बसली नाही, हेही येथेच सांगून टाकतो. तिने गिरणीतल्या पुरुषांना जेवू घालण्याचे काम पत्करले. या खानावळवाल्या बायका व्याजाने पैसे काढून भाकरी भाजीत, आणि महिनाअखेर वसुली करून सावकाराचे तोंड बंद करीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. त्याआधी १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले होते. त्याचा ‘लिज्जत’ झाला. या दोन्ही उद्योगांची स्तुती आपण नेहमी ऐकतो. मला त्यांत एक वेगळी गोष्ट दिसते. दोन्ही ठिकाणी बाईने अशी कामे निवडली की ज्यांत खाडा मांडणारा मुकादम नाही. मूल पाळण्यात ठेवून पीठ मळता येते. कारखान्याने जी सोय नाकारली ती तिने घरात बसून स्वतःच करून घेतली, आणि तिची किंमत म्हणून कारखान्यातल्या पगाराला आणि हक्कांना ती मुकली.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत औषधांचे, खाद्यपदार्थांचे नवे कारखाने निघाले. तेथे बाटल्या भरणे, लेबले लावणे, खोकी बांधणे या कामांवर मुली घेत. हात हलका, बोटे चपळ, आणि पगार बेताचा. पुष्कळ ठिकाणी एक अट असे: लग्न झाले की नोकरी संपली. ‘इंटरनॅशनल फ्रँचायझीज’ या कंपनीच्या पॅकिंग खात्यात अशी अट होती. बॉम्बे लेबर युनियनने ती काढून टाकण्याची मागणी केली. औद्योगिक न्यायाधिकरणात युनियन हरली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६५ मध्ये निकाल लागला.

कंपनीचे म्हणणे असे, की या खात्यात बायका गटागटाने काम करतात, एक जण आली नाही तर साऱ्या गटाचे काम खोळंबते, आणि लग्न झालेल्या बायका अधिक खाडे करतात. न्यायालयाने हे म्हणणे एकेक धागा सोडवून पाहिले. मुलांमुळे खाडे होतात म्हणावे, तर मुले असलेल्या विधवेचेही व्हावयास हवेत. मग तिला कामावर ठेवता आणि सवाष्णीला का काढता? गटाने काम करावे लागते हे खरे. पण गटाने काम करणे आणि लग्न झालेले असणे यांत विरोध तो कोणता? राहता राहिली बाळंतपणाची रजा. तिच्यासाठी दोनचार बायका बदली म्हणून अधिक ठेवाव्यात की झाले. अट रद्द झाली.

निकाल छोटासा आहे. वृत्तपत्रांत गाजलेल्या खटल्यांत त्याची गणना होत नाही. परंतु माझ्या मते मुंबईतल्या नोकरदार स्त्रीच्या इतिहासात त्याचे स्थान फार वरचे आहे. कारण यात ‘स्त्री ही देवता आहे’ किंवा ‘स्त्री अबला आहे’ अशी भाषा नाही. कारखान्यातले कोणतेही यंत्र दुरुस्तीसाठी बंद ठेवावे लागते तेव्हा मालक दुसरी सोय करतो. मग माणसासाठी का करू नये, इतके साधे शहाणपण त्यात आहे. आणि दुसरे असे की हा प्रश्न कोण्या थोर पुढाऱ्याने नव्हे, तर खोकी बांधणाऱ्या मुलींच्या युनियनने दिल्लीपर्यंत नेला.

याच्या नंतरचा जो मोठा खटला, त्याचे नाते आपल्या या वाकोल्याच्या शेजाराशी आहे. विमानांचा आवाज आपल्याला नवा नाही. पलीकडे कलिना, तेथे एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत अनेक वर्षे नांदत होती, आणि विमानतळ तर हाकेच्या अंतरावर. त्या विमानांत हसतमुखाने ट्रे फिरविणाऱ्या हवाई सुंदरीची नोकरी म्हणजे त्या काळच्या मुलींच्या स्वप्नांचे शिखर होते. त्या नोकरीचे नियम मात्र पुढीलप्रमाणे होते. रुजू झाल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केले तर नोकरी समाप्त. पहिले गरोदरपण आले की नोकरी समाप्त. यांतले काहीच घडले नाही तर पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती. त्यानंतर व्यवस्थापकीय संचालकांची मर्जी असेल तर पंचेचाळीसपर्यंत मुदतवाढ. त्याच विमानात, त्याच उतारूंची सेवा करणाऱ्या पुरुष पर्सरला अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरी होती, आणि त्याला लग्न करण्यास अथवा बाप होण्यास कोणी मनाई केली नव्हती.

नर्गेश मिर्झा आणि तिच्या सहकारी या नियमांविरुद्ध झगडल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिल्या गरोदरपणी काढून टाकण्याचा नियम न्यायालयाने अतिशय कडक शब्दांत निंदून रद्द केला. संचालकांची मर्जीही रद्द झाली. येथवर आनंद. पण चार वर्षांपर्यंत लग्न न करण्याची अट न्यायालयाने कायम ठेवली! कारणे काय दिली? मुलगी थोडी प्रौढ होऊन लग्न करील तर संसार अधिक सुखाचा होईल, कुटुंबनियोजनाला हातभार लागेल, आणि शिवाय महामंडळाचा नव्या मुली घेऊन त्यांना शिकविण्याचा खर्च वाचेल. पुरुषाला हे सारे लाभ का नकोत, ते मात्र कळले नाही. आणि पर्सर व हवाई सुंदरी यांचे वर्गच निरनिराळे आहेत, सबब तुलना करता येत नाही, असे ठरले. दोन माणसे एकच काम करीत असली तरी त्यांना दोन निरनिराळी नावे दिली की समतेचा प्रश्न उरत नाही, ही युक्ती नोकरशाहीला फार जुनी ठाऊक आहे.

दोन वर्षे आधीच, १९७९ मध्ये, परराष्ट्र खात्यातील अधिकारी सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांनी लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी या नियमाची कानउघाडणी केली होती. तेव्हा न्याय सरळ रेषेत पुढे जातो अशी कोणाची समजूत असेल तर ती या दोन निकालांनी दूर व्हावी. तो दोन पावले पुढे आणि एक मागे असा चालतो. हवाई सुंदरीने किती वयापर्यंत उडावे हा वाद तर २००३ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे उभा होता.

आता पगाराविषयी. समान कामाला समान वेतन हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९५१ मध्ये करारात घातले, भारताने ते १९५८ मध्ये मान्य केले, आणि कायदा झाला १९७६ मध्ये. तो कागदावरून उतरला कसा, हे ऑड्री डिकोस्टा या मुंबईच्या लघुलेखिकेच्या खटल्यात दिसते. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत वरिष्ठ साहेबांचे गोपनीय टंकलेखन करणाऱ्या स्त्रियांना, त्याच धर्तीचे काम करणाऱ्या पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. कंपनीने तीन सबबी पुढे केल्या. साहेबांच्या हाताखाली पुरुष लघुलेखक नाहीतच, म्हणून तुलना नाही. युनियनशी करार होऊन हे पगार ठरले आहेत. आणि कंपनीची सांपत्तिक स्थिती नाजूक आहे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही सबबी फेटाळल्या. नाव काहीही द्या, काम सारखे असेल तर पगार सारखा. करार करून कायदा मोडता येत नाही. आणि पैसा नाही म्हणून बाईला कमी द्यावे असे कोठेही लिहिलेले नाही. सहा वर्षांपूर्वी हवाई सुंदरींच्या बाबतीत जी युक्ती खपून गेली, ती पगाराच्या बाबतीत खपली नाही.

डिकोस्टाबाईंच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगा एक बारकावा आहे. १९७७ मध्ये त्यांची नोकरी सुटली आणि त्यानंतर त्यांनी दाद मागितली. नोकरीत असताना एकटीने मालकाविरुद्ध उभे राहणे किती कठीण असते, हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला, पुरुषालासुद्धा, ठाऊक आहे.

पुढची पायरी बाळंतपणाच्या रजेची. १९६१ च्या कायद्याने १२ आठवडे दिले होते, २०१७ मध्ये ते पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ झाले आणि पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी पाळणाघराची अट आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत प्रसूतिलाभाच्या आणि समान वेतनाच्या तरतुदी आता सामावल्या आहेत. २६ आठवडे म्हणजे पुष्कळ श्रीमंत देशांच्या बरोबरीचा आकडा. तरीही या आकड्याने हुरळून जाऊ नये, कारण पगार कोणी द्यावयाचा हा १९२८ चा प्रश्न तेथेच उभा आहे. जगात याची दोन प्रकारे सोय करतात. एक तर सरकारी तिजोरीतून किंवा विम्याच्या निधीतून पैसे द्यावयाचे. म्हणजे दुकानात दोन बायका असोत की दहा, मालकाला फरक पडत नाही. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय ठरावात हेच अभिप्रेत होते. दुसरा प्रकार म्हणजे सारा पगार त्या त्या मालकाने द्यावा. आपल्याकडे राज्य विमा योजनेखाली, म्हणजे ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांना, पहिल्या प्रकारे पैसे मिळतात; त्याबाहेरच्या नोकऱ्यांत मात्र दुसरा प्रकार चालतो. मोठ्या कंपनीला तो झेपतो. पण दहाबारा माणसांचे हिशेबनिसाचे कार्यालय असेल, तर मुलाखतीला आलेल्या नवविवाहित मुलीकडे पाहून मालकाच्या मनात आकडेमोड सुरू होते. तो वाईट माणूस असतो असे नाही. कायद्याने समाजाचे ओझे त्याच्या एकट्याच्या खांद्यावर ठेवले आहे, आणि तो ते मुलीच्या पदरात टाकून मोकळा होतो.

येथवर आपण बाहेरच्या मालकांविषयी बोललो. आता घरात यावे लागेल, कारण खाडा घरात जन्मतो. बाई कामावर उशिरा का पोचते? तिचे मूल तापाने फणफणलेले असताना घरी कोण राहते? २०२४ मध्ये देशात वेळेच्या विनियोगाची सरकारी पाहणी झाली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्यांत स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ८८, असे तीत आढळले. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली खरी, पण पुरुषानेही आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली! पाच तासांचे हे काम कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरीवली अशी बायकांसाठी खास लोकल सुरू झाली. त्या गाडीत बायका शेंगा सोलतात, पालेभाजी निवडतात, हे दृश्य वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापले. कौतुक कशाचे करावयाचे? पुरुषांच्या डब्यात कोणी मेथी निवडताना दिसला असता तर कौतुक शोभले असते.

हे पाच तास शहरातल्या मध्यमवर्गाने एका मार्गाने हलके केले आहेत. तो मार्ग वाकोल्यात कोणत्याही सकाळी दिसतो. झोपडवस्तीतल्या आणि चाळींतल्या गल्ल्यांतून बायका बाहेर पडतात आणि इमारतींचे जिने चढू लागतात. भांडी, फरशी, कपडे, पोळ्या. एकीच्या वाट्याला तीन घरे, दुसरीच्या सहा. त्यांच्या येण्यावर वरच्या मजल्यावरील बाईंचे कार्यालय गाठणे अवलंबून असते. बँकेतली, शाळेतली, विमानतळावरची नोकरदार स्त्री जी समता उपभोगते, तिच्या पायाशी दुसऱ्या एका स्त्रीचे श्रम आहेत, हे आपण बोलत नाही, पण जाणतो.

आणि ही दुसरी स्त्री खाडा करते तेव्हा काय होते? “आज पुन्हा आली नाही”, “हिचे नेहमी काहीतरी असतेच”, “आमचा महत्त्वाचा दिवस आणि हिने दांडी मारली”. हे शब्द ऐकले की मला १९६५ च्या त्या कंपनीचे निवेदन आठवते. गट खोळंबतो, काम अडते, विवाहित बायका अधिक खाडे करतात. तिला दिवस गेल्याचे कळले की आपण दोनतीन महिने तिच्याकडून काम घेतो आणि मग दुसरी बाई पाहतो. यात आपण काही निष्ठुरपणा करतो असे आपल्याला वाटत नाही. पहिल्या गरोदरपणी नोकरी संपविण्याचा नियम करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही तसे वाटत नव्हते. १९२८ चा गिरणीमालक, १९६५ ची कंपनी आणि १९८१ चे महामंडळ यांना आपण सभागृहात बसून नावे ठेवतो, आणि त्यांच्याच जागी आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आपण उभे असतो.

कायद्याने या घरात शिरण्याचा प्रयत्न केलाच नाही असे नाही. पुण्यातील मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारी सुट्टी, दिवाळीला एक महिन्याचा बोनस या मागण्या पुण्याच्या घरांना तेव्हा प्रथम ऐकू आल्या. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी झालेल्या बाईला दोन अपत्यांपर्यंत प्रसूतीसाठी साहाय्य, मुलांच्या शिक्षणासाठी मदत, अशा गोष्टी त्यात आहेत; मंडळाचा कारभार सदैव सुरळीत चालला असे मात्र म्हणता येत नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा जो कायदा आहे त्यात खाजगी घर हीही कामाची जागा मानली आहे, आणि घरकाम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार नेता येते. ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते, मालकिणींना नाही आणि मोलकरणींनाही नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र करार केला. भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहर उठविलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्याकरिता समिती नेमण्याचे सरकारला सांगितले.

यांतले काहीही झाले तरी एक अडचण उरतेच. गिरणीत हजेरीपट होता, म्हणून कायद्याला पकड होती. येथे मालक हजारो आहेत आणि प्रत्येकाचे काम तासा-दोन तासांचे. एका घराने सहा महिन्यांचा पगार द्यावा हे अव्यवहार्य, आणि सहा घरांपैकी कोणीच काही देऊ नये हे अन्यायाचे. सहाही घरांनी आपापला वाटा घालावा, किंवा महिन्याकाठी थोडी वर्गणी मंडळाच्या निधीत जावी आणि बाळंतपणात तिला तेथून पगार मिळावा, असे काही करावे लागेल. गृहनिर्माण संस्थांकडे आज प्रवेशद्वारावर काम करणाऱ्या बायकांची नोंद असतेच, ओळखपत्रेही दिलेली असतात. ती नोंद चोरीच्या भीतीने ठेवली आहे. त्याच वहीवरून त्यांची मंडळाकडे नोंदणी करून देणे आणि इमारतीपुरता एक छोटा निधी चालविणे ही एका सर्वसाधारण सभेत ठरू शकणारी गोष्ट आहे. तेथे वाद होतील ते बहुधा पाण्याच्या टाकीवरून होतात तसेच होतील.

सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये त्या कंपनीला सांगितले होते की बाळंतपणाच्या रजेसाठी बदली बायका ठेवा. वाकोल्यातल्या कामवाल्या बायका हे न सांगताच करतात. एकीला नववा महिना लागला की तिची जाऊ, नणंद किंवा शेजारीण तिची घरे धरते, मालकिणींना आधीच भेटवून आणते, कोणती भांडी कोठे लावावयाची ते दाखवून ठेवते, आणि बाळ तीनचार महिन्यांचे झाले की घरे परत करते. घर हातचे जात नाही, एवढी त्यांनी आपापसांत पाळलेली शिस्त आहे. पगार मात्र त्या महिन्यांत बदलीवालीला मिळतो, आणि तो तिला मिळालाच पाहिजे, कारण काम तिने केलेले असते. बाळंतिणीच्या हाती त्या महिन्यांत काही येत नाही.